बरगड्या दिसणाऱ्या कुत्र्याचं वजन वाढवणं : काय मोजायचं, काय घालायचं

माळरान

गावठी मादी, अंदाजे २ वर्षांची, खांद्यापाशी उंची ५२ सेंमी, नसबंदी झालेली. रस्त्यावरून घरी येऊन २४ दिवस झाले. नाव तांबू. वजन १२.२ किलो, आली तेव्हाही तेवढंच होतं.

रोजचं खाणं किचनच्या काट्यावर मोजून: चपात्या २ (प्रत्येकी ४० ग्रॅम), गाईचं दूध २०० मिली, शिजलेला भात २०० ग्रॅम, उकडलेलं बोनलेस चिकन १०० ग्रॅम. ताट चाटूनपुसून साफ करते. शी दिवसातून ४ वेळा, मऊ, शेवटची जवळजवळ पातळ. जंताची एक गोळी आल्या आल्या दिली. बरगड्या, पाठीचे मणके आणि कमरेची दोन्ही हाडं लांबूनही दिसतात.

तूप सुरू करा असं जो तो सांगतो. किती द्यावं? आणि वाढवायचं ते चपाती-भात की चिकन?

गच्चीवरचा_भूभू

तूप आज नको. आधी हिशेब बघा, तुम्ही मापं दिलीत म्हणून तो करता येतोय.

कुत्र्याला नुसतं पडून राहायला किती ऊर्जा लागते ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं. वजन तीनदा एकमेकांशी गुणायचं, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं, त्याचं परत वर्गमूळ काढायचं आणि ७० ने गुणायचं. १२.२ किलोला उत्तर येतं साधारण ४५७ किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्याला याच्या सुमारे १.६ पट, म्हणजे ७३० च्या आसपास, आहे ते वजन टिकवायला पुरतात.

आता तुमचं ताट. चपात्या २४०, दूध १३०, भात २६०, चिकन १८०. एकूण ८१०. म्हणजे वजन टिकवायला लागतं त्याहून जास्तच जातंय, तरी काटा हलत नाही आणि शी चार वेळा मऊ होते. अन्न पोटात जातंय पण अंगी लागत नाही. अशा आतड्यात तूप ओतलं तर शी आणखी पातळ होईल आणि आहे ते पाणीही शरीरातून जाईल.

दूध आजपासून बंद. बहुतेक मोठ्या कुत्र्यांना त्यातली साखर पचत नाही. बाकी चार दिवस आहे तसंच ठेवा आणि त्या चार दिवसांत तपासण्या करून घ्या. ताजी शी डबीत घालून सकाळीच न्या. गरम जागी तासन्‌तास राहिली तर अंडी फुटून अळ्या होतात आणि निदान चुकतं.

पशुवैद्य_कोकण

वरचं सगळं बरोबर. त्यात भर घालतो.

ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील तर आजच दवाखाना गाठा. रस्त्यावरून आलेल्या, खाऊनही न भरणाऱ्या कुत्र्यात आपल्याकडे दोन गोष्टी पहिल्यांदा शोधायच्या, आतड्यातले जंत आणि गोचिडांचा ताप. गोचीड तापात ताप असेलच असं नाही. एहर्लिकिया या गोचिडांतून येणाऱ्या जंतूचा जुना आजार महिनोन्‌महिने अंगात राहतो आणि वरून दिसतं ते इतकंच, की कुत्रं भरत नाही, लवकर दमतं, कधी नाकातून रक्त येतं.

डॉक्टरांकडून या तपासण्या करून घ्या: शीची तरंगण पद्धतीची तपासणी (द्रावणात अंडी वर तरंगवून बघतात), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्तातली प्रथिनं आणि त्यातलं मुख्य म्हणजे अल्ब्युमिन, लिव्हर-किडनी, साखर, लघवी आणि गोचीड तापाची पीसीआर (रक्तात जंतूचा अंश शोधणारी चाचणी). शी बुळबुळीत असेल तर जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची वेगळी चाचणीही सांगा, नेहमीच्या स्लाइडवर तो अनेकदा हुकतो. तोंडही उघडून बघायला सांगा. मोडलेला दात किंवा सडलेली हिरडी असली की कुत्रं मऊ ते खातं आणि कडक ते सोडतं.

जंताची एक गोळी पुरत नाही. गोळीनं आतड्यातले मोठे जंत जातात. आकडीकृमीच्या (हुकवर्म) अळ्या मात्र स्नायूंत लपून असतात आणि जागा रिकामी झाली की खाली आतड्यात उतरतात. म्हणून २ ते ३ आठवड्यांनी परत डोस आणि त्यानंतर शीची तपासणी. डोस अंदाजानं नाही, त्या दिवशीच्या वजनावर.

तुळशीवृंदावन

मध्येच विचारतेय. आमच्या घरात मांस शिजत नाही, अंडं चालतं. रोडावलेल्या कुत्र्याला दही-भात, वरण-पोळी आणि ग्लुकोज बिस्किटांवर वाढवता येईल का? बाजारात वजन वाढवायची सिरपंही दिसतात.

शेपूटवाली

बिस्किटं म्हणजे मैदा, साखर आणि तेल. भूक मारतात, स्नायू एक ग्रॅमही बांधत नाहीत. वरण-पोळीतही प्रथिनं कमी आणि पिष्ट जास्त. फोडणीतला कांदा-लसूण तर कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, तेव्हा घरातल्या आमटीचा थेंबही नको. द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट हीसुद्धा विषं आहेत.

शाकाहारी घरात सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे चांगलं कोरडं खाद्य. पाकिटावर ‘पूर्ण आणि संतुलित’ असं लिहिलेलं हवं आणि पिल्लांसाठी किंवा सर्व वयांसाठी असलेलं घ्या, त्यात ऊर्जा आणि प्रथिनं दोन्ही जास्त असतात. पाकिटावर किलोमागे किती किलोकॅलरी ते बघा, बहुतेक १०० ग्रॅमला ३५० ते ४०० भरतात. कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून द्या. वर रोज एक उकडलेलं अंडं (सुमारे ७५) आणि ३० ते ४० ग्रॅम पनीर. पनीर १०० ग्रॅमला जवळजवळ ३०० देतं, म्हणून हात आखडता ठेवा. सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, बारीक करून थोड्या चालतात, जास्त झाल्या की गॅस धरतो.

सिरपांनी भूक थोडी वाढते. तांबूसारख्या खाणाऱ्या कुत्रीला भुकेची अडचण नाहीच. आणि कुणी वजनासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर ठाम नकार द्या. त्यानं पोट सुटतं, पाणी धरतं आणि स्नायू उलट झिजतात.

भीमाकाठ

आमच्याकडे कारवान नर आहे, ३ वर्षांचा, सोलापूरकडचा. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतात. येणारा-जाणारा उपाशी ठेवता का विचारतो. त्याचं वजन वाढवायचं का?

गच्चीवरचा_भूभू

नको. कारवान, पश्मी, मुधोळ ही धावणारी कुत्री आहेत. शेवटच्या बरगड्या दिसणं, कंबर आत खेचलेली असणं, कमरेची टोकं जाणवणं हे त्यांच्या अंगाला शोभतं. त्यांना लॅब्राडोरसारखं भरवलं की सांध्यांवर भार येतो. मांडीवर आणि कमरेच्या वर, कण्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवा. तिथं स्नायू कडक आणि भरलेला लागला तर तो ठणठणीत आहे. कण्याशेजारी खड्डा पडलाय, खांद्याचा फरा धारदार लागतोय, डोक्याच्या माथ्यावरचा मांसल भाग बसलाय असं असेल तर तपासणी करा.

छाती खोल असलेल्या या कुत्र्यांना एका वेळी डोंगराएवढं ताट कधीच नको. दोन-तीन भागांत द्या आणि खाल्ल्यावर तास-दीड तास पळवू नका. पोटाला पीळ पडला तर वाचवायला काही तासच हातात असतात.

बाकी कुत्र्यांसाठी हाताची चाचणी. आपली मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या मुठीच्या गाठींवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं रोड आहे. आता पंजा सरळ पसरून हाताच्या मागच्या बाजूवरून, बोटांच्या मुळाशी फिरवा. हाड कळतं पण वर पातळ गादी आहे, हे योग्य. तळव्यासारखं लागलं, दाबल्याशिवाय हाड कळत नाही, तर जाड. केसाळ कुत्र्यात डोळ्यांवर विसंबू नका, हात फिरवा. दवाखान्यात हीच गोष्ट १ ते ९ गुणांत लिहितात. ४ आणि ५ चांगले, ३ किंवा त्याखाली रोड.

माळरान

रिपोर्ट आले. शीत आकडीकृमीची भरपूर अंडी. हिमोग्लोबिन ८.२, प्लेटलेट ९२ हजार, अल्ब्युमिन २.१. एहर्लिकिया पीसीआर पॉझिटिव्ह, बबेसिया (गोचीड तापाचा दुसरा जंतू) निगेटिव्ह. साखर, किडनी, लिव्हर ठीक. हिरड्या फिकट गुलाबी. डॉक्टरांनी जंतांचा कोर्स, २८ दिवस डॉक्सिसायक्लिन आणि गोचिडांसाठी चघळायची गोळी दिली आहे. दूध बंद केल्यावर शी ३ वेळा होते, थोडी बांधून. आता ताट कसं लावू?

पशुवैद्य_कोकण

कारण सापडलं हे उत्तम. कुत्र्यात हिमोग्लोबिन साधारण १२ ते १८ हवं, प्लेटलेट दोन लाखांच्या वर. आकडीकृमी आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त पितात, म्हणून रक्तही गेलं आणि प्रथिनंही.

डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी कधीच नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते आणि मग कुत्रं खायचंच सोडतं. चिकनच्या तुकड्यात गुंडाळून जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी किंवा पातळ सूप पाजा. दही, पनीर, कॅल्शियम, लोहाचं औषध त्या वेळी नको, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळीचा गुण कमी होतो. पाचव्या दिवशी तरतरीत दिसली म्हणून कोर्स तोडू नका. उलट्या झाल्या तर डॉक्टरांना फोन करा, गोळी आपल्या मनानं बंद नको.

अल्ब्युमिन कमी आहे म्हणून एक गोष्ट रोज बघा. मागच्या पायाच्या खालच्या भागावर बोट पाच सेकंद दाबून धरा. बोट उचलल्यावर खळगा तसाच राहिला किंवा बरगड्या दिसत असून पोट ढोलासारखं झालं, तर ते पाणी आहे. अशा वेळी काट्यावर अर्धा किलो वाढ दिसते आणि घरातले खूश होतात. ती वाढ धरायची नाही, कुत्र्याला डॉक्टरांना दाखवायचं.

हिमोग्लोबिन १० च्या वर जाईपर्यंत लांब फेऱ्या, जिने, पळापळ बंद. शी करायला बाहेर आणि परत घरात.

शेपूटवाली

ताट मी लावून देते. उंची-बांधा बघता लक्ष्य १५-१६ किलो धरू. १६ किलोला पडून राहायची ऊर्जा बरोबर ५६० निघते, १.६ पटीनं सुमारे ९०० किलोकॅलरी. हे पूर्ण आकडे पहिल्याच दिवशी नाहीत. सध्या दूध वजा करून ती ६८० वर आहे. तिथून दर दोन-तीन दिवसांनी साधारण १० टक्के वाढवत ९०० पर्यंत न्या. शी बिघडली की आधीच्या पायरीवर परत या, दोन दिवस थांबा, मग पुन्हा चढा. वाढवायचा वेग शी ठरवते.

९०० च्या जवळचं एका दिवसाचं खाणं, सगळं शिजवल्यानंतरचं वजन:

बोनलेस चिकन २५० ग्रॅम (छाती आणि मांडी मिसळून) – ४५०
मऊ भात २०० ग्रॅम – २६०
अंडं १, पूर्ण उकडलेलं – ७५
चिकनची कलेजी २० ग्रॅम – ३३
लाल भोपळा ८० ग्रॅम, वाफवून कुस्करलेला – २०
तेल १ छोटा चमचा – ४५

बेरीज ८८३. मीठ-मसाला काही नाही. तेलाचा हा एक चमचा शी दहा दिवस बांधून झाल्यावरच, सुरुवात पाव चमच्यानं. तूपही त्याच मापात चालेल, पण चमचा एकच. एकदम चरबी वाढली तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती जिवावर बेतू शकते.

चपाती काढून टाका, भात पुरे. कलेजी २० ची ५० करू नका, अ जीवनसत्त्व साठत जातं.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते सांगते. चिकन-भातात फॉस्फरस आहे, कॅल्शियम जवळजवळ नाही. महिनोन्‌महिने तेच दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. अंड्याची टरफलं धुवा, १० मिनिटं उकळा, खडखडीत वाळवा आणि मिक्सरमधून पिठासारखी वस्त्रगाळ करा. जाडसर राहिली तर टोचतात आणि अंगीही लागत नाहीत. वरच्या ताटाला रोज सपाट अर्धा चमचा, सुमारे ३ ग्रॅम. त्यात साधारण १.१ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. ते गोळीच्या वेळेला नसलेल्या जेवणात घाला. शिजवलेली हाडं मात्र कॅल्शियमच्या नावाखालीही नकोत, त्यांची भाल्यासारखी चिरफळ होते.

इतकं करूनही झिंक, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमीच पडतं. म्हणून ५-६ आठवड्यांनंतर अर्धं ताट हे आणि अर्धं पिल्लांचं कोरडं खाद्य (सुमारे १२० ग्रॅम) असं करा. बदल आठवडाभरात, पाव-अर्धा-पाऊण असा. खाद्य आलं की टरफलाची पूडही निम्मी.

दिवसात चार वेळा द्या, शी स्थिर झाली की तीन. अन्न कोमट असू द्या, फ्रिजमधलं गार कधीच नको.

करंजाचं_झाड

याच्याशी जोडलेला प्रश्न. हाडांचा सापळा झालेलं, कित्येक दिवस उपाशी असलेलं कुत्रं उचललं तर पहिल्या दिवशी किती? लोक मायेनं भात-दुधाचं पातेलंच पुढं ठेवतात.

पशुवैद्य_कोकण

ती माया जीव घेऊ शकते. उपाशी शरीरात फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा संपत आलेला असतो. अचानक भात-साखर मिळाली की इन्सुलिन वाढतं, रक्तातला उरलासुरला फॉस्फरस पेशींत ओढला जातो. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात कुत्रं लुळं पडतं, थरथरतं, धापा टाकतं, लघवी लालसर होते. आदल्या दिवशी पोटभर जेवलेलं असतं, म्हणून कुणाला कारण कळत नाही.

पहिल्या दिवशी आत्ताच्या वजनाच्या विश्रांतीच्या ऊर्जेचा चौथा ते तिसरा भाग. ८ किलोच्या सापळ्याला ती ऊर्जा ३३३ येते, म्हणजे ८५ ते ११०. म्हणजे उकडलेलं चिकन ४० ग्रॅम आणि अर्धं अंडं, तेही पाच-सहा वेळांत वाटून. भात सुरुवातीला नाहीच. पाणी समोर, पण थोडं थोडं. मग चार-पाच दिवसांत हळूहळू पूर्ण आकड्यावर. शक्य असेल तिथं पहिले तीन दिवस दवाखान्यात ठेवावं, फॉस्फरस-पोटॅशियम रोज तपासावं आणि खाणं सुरू करण्याआधी बी-१ चं इंजेक्शन द्यावं.

तांबूला हे लागू नाही, ती खात होती.

माळरान

गोचीड अंगावर आता दिसत नाहीत, पण भिंतीवर दोन चढताना दिसले.

गच्चीवरचा_भूभू

तेच खरं घर आहे त्यांचं. फटी, दाराची चौकट, फरशीचे सांधे, गादीच्या शिवणी. अंथरूण गरम पाण्यात धुवून उन्हात घाला, फटी भरून घ्या, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध भिंतीच्या खालच्या कडेला मारा आणि सुकेपर्यंत तिला दुसरीकडे ठेवा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं काहीही नको, मांजराला ते विष आहे. चघळायच्या गोळीची पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा. औषध चुकलं तर २८ दिवसांची मेहनत एका चाव्यानं परत शून्यावर येते.

आणि शी लगेच उचला. आकडीकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून माणसाच्या अनवाणी पायातही शिरतात.

वजन कसं घेता? घरच्या काट्यावर तिला उचलून उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी. आठवड्यातून एकदाच, सकाळी, शी झाल्यावर, खाण्याआधी. तीनदा घेऊन मधला आकडा लिहा. आठवड्याला १५० ते २५० ग्रॅम वाढ आली की झालं, त्या गतीनं १६ पर्यंतच्या ३.८ किलोला साडेतीन ते सहा महिने लागतात. घाई केली तर नुसती चरबी चढते.

माळरान

सहा आठवड्यांचे आकडे: १२.२, १२.३, १२.६, १२.८, १३.१, १३.३. हिमोग्लोबिन ११.४, प्लेटलेट २ लाख १० हजार, अल्ब्युमिन २.८. दुसऱ्या तपासणीत शीत अंडी नाहीत. शी दोनदा, बांधून. दोन शंका आहेत. संध्याकाळचं ताट ती अर्धं सोडायला लागली आहे. आणि एका शेजाऱ्यांच्या जर्मन शेफर्डलाही हेच ताट सुरू केलंय, तो अधाशासारखा खातो तरी वाळतोय.

पशुवैद्य_कोकण

शेफर्डचं ताट थांबवायला सांगा आणि त्याची शी विचारा. ढीगभर, फिकट पिवळट-राखी, तेलकट आणि आंबूस वासाची असेल, तो स्वतःची शी खात असेल, तर स्वादुपिंडातून पाचकरस येत नसण्याची शक्यता आहे. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार जास्त दिसतो. टीएलआय नावाची रक्ततपासणी करतात, उपाशीपोटी. निघालं तर आयुष्यभर प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर कालवावी लागते आणि बी-१२ बहुतेक वेळा कमी असतं, तेही द्यावं लागतं. पावडरशिवाय कितीही चिकन घाला, ते सगळं शीतूनच जाणार.

शेपूटवाली

तांबूची रक्ताची भूक भागली, आता ती पोटाच्या भुकेनं खाते. काळजी नको. मधल्या वेळचे तुकडे, घरातल्यांनी टेबलाखाली सारलेली चपाती आधी बंद करा. ताट २० मिनिटं ठेवून उचलायचं, मागे लागून भरवायचं नाही. चार वेळांच्या तीन करा आणि सकाळचं मोठं ठेवा. अर्धं कोरडं खाद्य आता सुरू करू शकता.

हिमोग्लोबिन ११ च्या वर आलंय तर डॉक्टरांना विचारून सकाळी १५ मिनिटं सपाट चाल, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत. पुढं हलका चढ. मांड्या त्यानंच भरतील. पुढचा आकडा १३.४ च्या खाली आला आणि शी अशीच बांधलेली असेल, तर चिकन ३० ग्रॅम वाढवा. भात आहे तेवढाच ठेवा.